नंबर विकायला काढू नका: किनाऱ्यावरच्या मंडळांना एका गुणलेखकाचं खुलं पत्र

प्रति,
तालुक्यातल्या समस्त कबड्डी मंडळांचे पदाधिकारी, टेनिस क्रिकेट स्पर्धांचे आयोजक, संघमालक आणि टी-शर्टचं सौजन्य करणारे हितचिंतक,

स. न. वि. वि.

भातकापणी उरकली, मळे मोकळे झाले, रोलर फिरू लागले आणि दरवर्षीप्रमाणे हंगामाची नियमावली ग्रुपवर आली. यंदा तिच्यात एक कलम नवीन आहे. टी-शर्टवरचे ७, १०, १८ आणि ४५ हे नंबर यापुढे खेळाडूला मागून मिळणार नाहीत. संघमालकांमध्ये त्यांची बोली लागेल, आणि ज्याची बोली मोठी त्याने सांगितलेल्या खेळाडूच्या पाठीवर तो नंबर जाईल. खाली कोणी अंगठे टाकलेत, कोणी फटाके. विरोध कोणी नोंदवलेला दिसला नाही, म्हणून हे पत्र.

मी खेळाडू नाही, मालक तर नाहीच नाही. गुणलेखक आहे. म्हणजे मंडपात टेबलाच्या कोपऱ्यावर बसलेला तो माणूस, ज्याच्याकडे भांडण झाल्याशिवाय कोणी बघत नाही. तरी नंबराशी या तालुक्यात सगळ्यात जास्त संबंध माझ्या जमातीचाच येतो, म्हणून बोलण्याचा हक्क घेतो.

कबड्डीत माझ्यासमोरच्या कागदावर नंबर आधी येतो, माणूस मागाहून. पंच शिट्टी मारून बोटांनी नंबर दाखवतो, समालोचक माइकवरून ‘पाच नंबर बाद’ म्हणतो, मी पाच लिहितो. पुढचं प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. समोरचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होतो, पण आपल्या मर्जीतला नाही. जो आधी बाद झाला तोच आधी उठतो. त्यामुळे बाहेर बसलेल्यांचा क्रम हा त्या सामन्याचा जीव असतो. तुमचा हुकमी चढाईपटू तिसरा बसलाय की पहिला, यावर लोण चढतो की वाचतो ते ठरतं. आणि हा सगळा क्रम मी लिहितो तो नंबरांनी. रात्री साडेअकराला, हॅलोजनखाली, धुळीत लोळून सगळ्यांची तोंडं सारखीच झालेली असताना, मला दुसरं काय दिसणार?

गेल्या हंगामात एका सामन्यात एकाच संघात दोन सात उतरले. एक चढाईपटू, एक डावा कोपरा. दोघांच्याही मागे उभी असलेली माणसं वजनदार, दोघांनाही सातच हवा होता आणि मंडळाला दोघांनाही दुखवायचं नव्हतं. दोघेही बाद होऊन बाहेर बसले आणि मग एकाला उठवायची वेळ आली. पहिला सात कोणता? पंच माझ्याकडे बघतोय, मी कागदाकडे, कागदावर ७, ७. सामना थांबला, माइक बंद झाला, दोन्ही गावांतली जाणती माणसं मैदानात आली. शेवटी जो मोठ्याने ओरडला त्याचं खरं ठरलं. त्यातला एक जण आदल्या दिवशी टी-शर्ट वाटपाच्या वेळी सर्वांसमक्ष म्हणाला होता, “माका सातच नंबर होयो, नायतर मी खेळूचंय नाय.” खेळला तो. पण त्याचे त्या रात्रीचे गुण त्याच्या नावावर किती आणि दुसऱ्याच्या नावावर किती, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

आणि आता तुम्ही याच रोगावर बोलीचं औषध काढलंय.

नंबर जन्माला आला तोच मुळी लांबून बघणाऱ्याच्या सोयीसाठी. इंग्लंडमध्ये २५ ऑगस्ट १९२८ रोजी आर्सेनल आणि चेल्सी हे दोन फुटबॉल संघ आपापल्या लीगच्या सामन्यात पाठीवर आकडे घालून उतरले. १९३३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनने १ ते ११ घातले आणि मँचेस्टर सिटीने १२ ते २२, म्हणजे बावीस माणसांत एकही आकडा दुसऱ्यांदा नाही. गुणलेखक म्हणून मला ती पद्धत आजही सगळ्यात सभ्य वाटते. अमेरिकेत न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने १९२९ मध्ये आकडे दिले ते फटकेबाजीच्या क्रमाने. बेब रूथ तिसरा यायचा म्हणून ३, लू गेहरिग चौथा म्हणून ४. हे आकडे पुढे पूजले गेले. देताना मात्र कोणी नारळ फोडला नव्हता.

१० नंबरची गोष्ट तर आपल्या प्रत्येक मालकाला पाठ असायला हवी. १९५८ च्या फुटबॉल विश्वचषकाला ब्राझीलने खेळाडूंची यादी पाठवली आणि तीत नंबर भरायचेच राहिले. ते दुसऱ्याच कोणी भरले, आणि कसे, तर गोलरक्षक जिल्मारच्या पाठीवर ३ आला. उजव्या बाजूला खेळणाऱ्या गारिंचाला ११ आणि डाव्या बाजूच्या झगालोला ७, म्हणजे रूढ पद्धतीच्या बरोबर उलटं. त्याच गोंधळात १७ वर्षांच्या एका दुखापतग्रस्त पोराच्या वाट्याला १० आला. त्या पोराने स्पर्धेत सहा गोल केले, त्यातले दोन अंतिम सामन्यात यजमान स्वीडनविरुद्ध. पेलेने तो नंबर मागितला नव्हता. त्याच्यासाठी कोणी बोली लावली नव्हती. आपल्याकडच्या एखाद्या सचिवाने फॉर्म अर्धवट भरावा, तसलाच तो प्रकार होता. आज तुम्ही ज्या दहाची किंमत ठरवायला बसलाय, त्याचं मूळ हे असं आहे.

अर्जेंटिनाने तर काही विश्वचषकांत थेट आडनावांच्या अकारविल्हेनेच नंबर वाटले. १९७८ मध्ये त्यांचा गोलरक्षक फिलोल ५ नंबर घालून विश्वविजेता झाला, आणि १ नंबर होता अलोन्सो नावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूकडे. केम्पेसला १० मिळाला तो नशिबाने, आडनाव ‘के’ वरून सुरू होत होतं म्हणून. त्याने अंतिम सामन्यात दोन गोल ठोकले. १९८२ मध्येही तीच पद्धत होती. त्या वर्षी १ नंबर आर्दिलेसच्या पाठीवर, तोही मधल्या फळीतला. फक्त एका तरुण पोरासाठी क्रम मोडून १० बाजूला काढला गेला. चार वर्षांनी, २२ जून १९८६ ला, मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर त्याने इंग्लंडविरुद्ध आधी हाताने आणि लगेच चार मिनिटांत अर्धं मैदान पायाखाली घालून गोल केला. मॅराडोनाला पाहिजे तो आकडा द्यावा लागला, हे मान्य. पण तो आकडा त्याला त्याच्या खेळाने मिळवून दिला, काकाने नाही.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट हॉलंडच्या योहान क्रायफची. ऑक्टोबर १९७० मध्ये तो दुखापतीनंतर आयॅक्स या आपल्या क्लबकडून परत खेळायला आला. त्याचा नेहमीचा नंबर ९. सामन्याआधी खेरी म्यूरेन या सोबत्याला त्याचा ७ नंबरचा शर्ट सापडेना. क्रायफने आपला ९ काढून त्याच्या हातात दिला आणि ढिगातून १४ उचलला. त्या काळी पहिले अकरा खेळाडू १ ते ११ घालत. १४ म्हणजे राखीव गड्याचा नंबर. सामना जिंकला, १४ राहिला. १९७४ च्या विश्वचषकात हॉलंडनेही अकारविल्हे लावली, १ नंबर रूड खील्स या आघाडीच्या खेळाडूला गेला, गोलरक्षक ८ घालून उभा राहिला, पण क्रायफचा १४ कोणी हलवला नाही. आपल्या वाट्याचा मानाचा नंबर सोबत्याला देऊन टाकणारा कर्णधार आपल्या तालुक्यात मी अजून पाहिलेला नाही. दिसला तर त्याच्या नावाने ट्रॉफी माझ्याकडून.

आपल्या पोरांचे हट्टाचे आकडे कुठून आले तेही बघा. कोहलीला १८ मिळाला तो १९ वर्षांखालच्या संघाचा गणवेश हातात पडला तेव्हा. त्याने मागितलेला नव्हता. त्याचं एकदिवसीय पदार्पण झालं १८ ऑगस्ट २००८ ला, वडील गेले होते १८ डिसेंबर २००६ ला, आणि बंगळुरूच्या संघाने आयपीएल जिंकली ती २०२५ मध्ये, अठराव्या हंगामात. हे सगळं मागाहून जोडलं गेलं. धोनीने ७ घेतला कारण जन्म सातव्या महिन्यातल्या सात तारखेचा. यात शुभ-अशुभ काही नाही, असं त्यानेच सांगून टाकलंय. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर कुलसेकराचा चेंडू प्रेक्षकांत गेला तेव्हा पाठीवर ७ होता, पण चेंडू बॅटला लागून गेला. युवराजचा १२ सुद्धा बारा डिसेंबरच्या वाढदिवसाचा. सांगायचं म्हणजे ज्यांचे नंबर तुम्ही विकायला काढलेत त्यांतल्या एकानेही ते विकत घेतलेले नाहीत.

यावर एक जण म्हणाला, “पण नंबर बदलला की खेळ बदलतो, हे मायकेल जॉर्डनचं काय?” बरोबर आहे, बोलू त्याबद्दल. शिकागोच्या बास्केटबॉल संघातल्या जॉर्डनचा नंबर २३. १९९३ मध्ये तो निवृत्त झाला आणि मार्च १९९५ मध्ये परत आला तो ४५ घालून. बाद फेरीत ऑर्लँडोविरुद्धच्या पहिल्या सामन्यात शेवटच्या क्षणी निक अँडरसनने त्याच्याकडून चेंडू हिसकावला आणि सामन्यानंतर बोलून दाखवलं की हा ४५ नंबरवाला, २३ नंबरवाल्यासारखा उसळत नाही. पुढच्या सामन्यात जॉर्डन कोणाला न सांगता २३ घालून उतरला, ३८ गुण केले, शिकागो जिंकलं. लीगने परवानगीशिवाय नंबर बदलल्याबद्दल क्लबला दंड ठोकला. गोष्ट इथे थांबवली की नंबराची जादू सिद्ध होते. पण ती मालिका शिकागो हरलं, आणि जॉर्डन शेवटपर्यंत २३ मध्येच होता. शिवाय पाच वर्षांमागची, त्याच ऑर्लँडो शहरातली १४ फेब्रुवारी १९९० ची रात्र बघा. सामन्याआधी त्याचा शर्ट चोरीला गेला. त्याला १२ नंबरचा, नावही नसलेला शर्ट घालून खेळावं लागलं. त्याने त्या रात्री ४९ गुण केले. आपल्या ‘सातच होयो’ वाल्यांना ही गोष्ट टी-शर्ट वाटपाच्या आधी माइकवरून सांगावी, असं मी सुचवतो.

आता जवळची गोष्ट, आपल्याच किनारपट्टीच्या उत्तर टोकाची. पालघरचा शार्दूल ठाकूर. पालघर ते मुंबई लोकलने, क्रिकेटचं किट सांभाळत ये-जा करून भारताच्या संघात पोचलेला मुलगा. ३१ ऑगस्ट २०१७ ला कोलंबोत त्याने पहिला एकदिवसीय सामना खेळला आणि पाठीवर १० होता. नंबर कोणाचा तरी चोरून आणला असावा अशा थाटात लोक त्याच्यावर तुटून पडले. त्याने कारण सांगितलं की जन्मतारखेच्या आकड्यांच्या बेरजेतून तो नंबर आला, पण कोण ऐकतो. पुढे तो ५४ मध्ये दिसू लागला आणि क्रिकेट मंडळाने फारसा गाजावाजा न करता १० नंबर बाजूला ठेवला.

सचिनवर माझं प्रेम कोणाहून कमी नाही. त्याला घडवणारे रमाकांत आचरेकर सर मूळचे मालवणचे, त्यामुळे त्या प्रेमात थोडा गावकीचा भागही आहे. २४ फेब्रुवारी २०१० ला ग्वाल्हेरला एकदिवसीय क्रिकेटमधलं पुरुषांचं पहिलं द्विशतक झालं तेव्हा तो १० आम्ही सगळ्यांनी डोळ्यांत साठवून घेतला. पण सचिनसुद्धा त्याआधी ९९ आणि ३३ नंबरांत दिसलेला आहे. एका नव्या पोराने पहिल्या सामन्यात काय चेंडू टाकले याऐवजी त्याने काय घातलं याची चर्चा झाली, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या एका गावातून असा मुलगा वर गेला, तर आपल्या तालुक्याने त्याच्या बाजूने उभं राहायला हवं होतं. आपले ग्रुप मात्र त्याला शिव्या घालण्यात पुढे होते. स्मृती मानधनाही १८ घालते, विराटही १८ घालतो. दोघांपैकी कोणाची धाव कमी मोजली गेल्याचं ऐकिवात नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण नियमावलीत त्यांचा उल्लेखच नाही. आपल्या मुलींच्या कबड्डी संघांना मुलांचे गेल्या वर्षीचे टी-शर्ट मिळतात. ढगळ, जाहिरातदार जुना, आणि नंबर अर्धे सोललेले. ८ आहे की ३ हे मला चढाई संपल्यावर विचारावं लागतं. मुलगी धापा टाकत ओरडून सांगते, “तीन, काका, तीन!” १९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर नावाची मुलगी २६१ नंबर लावून धावली. नाव नोंदवलं होतं के. व्ही. स्विट्झर. बाई आहे हे कळल्यावर स्पर्धेचा एक अधिकारी मागून धावत आला आणि तिच्या अंगावरचा नंबर ओढून काढायला लागला. तिच्या बरोबरच्यांनी त्याला बाजूला ढकललं आणि ती शर्यत पूर्ण करून आली. त्या अधिकाऱ्याला नेमकं कळलं होतं की नंबर अंगावर राहिला तर ती अधिकृत धावपटू ठरते. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये, ती तोच २६१ लावून तिथेच पुन्हा धावली आणि मग तो नंबर तिच्यासाठी कायमचा राखून ठेवण्यात आला. आपण कोणाच्या अंगावरचा नंबर ओढत नाही, एवढं खरं. आधीच सोललेला देतो.

नियमावलीच्या शेवटी आणखी एक प्रस्ताव आहे, तो बोलीइतका वाईट नाही, पण मला पटलेला नाही. आपल्या एका जुन्या, सर्वांच्या आवडत्या चढाईपटूचा नंबर ‘निवृत्त’ करायचा, म्हणजे यापुढे तो कोणाला द्यायचाच नाही, आणि स्टेजवर शाल-श्रीफळ. शाल द्या, श्रीफळ द्या. नंबर मात्र कपाटात बंद करू नका. मोठ्यांच्याही अंगाशी आलेला हा प्रकार आहे. अर्जेंटिनाने २००२ च्या विश्वचषकाला मॅराडोनाच्या सन्मानार्थ १० वगळून यादी पाठवली. फिफाने नियमावर बोट ठेवलं, सगळे आकडे सलग हवेत म्हणून, आणि तो १० शेवटी ओर्तेगाला घालावा लागला.

काही वेळा नंबर थांबवणं योग्यच असतं. फिलिप ह्यूज नोव्हेंबर २०१४ मध्ये मैदानावर चेंडू लागून गेला, तेव्हा ऑस्ट्रेलियाने त्याचा एकदिवसीय सामन्यांतला ६४ बंद केला. तिथे कोण काय बोलणार. पण आपला चढाईपटू ठणठणीत आहे, रोज संध्याकाळी पोरांना पकड शिकवतो. त्याच्यासाठी हॉकीतला दाखला जवळचा. पॅरिसमध्ये २०२४ ला कांस्यपदक जिंकून श्रीजेश निवृत्त झाला, तेव्हा हॉकी इंडियाने १६ नंबर वरिष्ठ संघातून थांबवला, कनिष्ठ संघात मात्र चालू ठेवला. पोरांना तो घालता यावा म्हणून. आणि त्याहून मला भावलेली गोष्ट आयॅक्सच्या अब्देलहक नूरीची. जुलै २०१७ मध्ये हा वीस वर्षांचा मुलगा सराव सामन्यात कोसळला आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्याचा नंबर ३४. त्याचा सोबती जस्टिन क्लायव्हर्ट पुढे रोमाला गेला, तिथे त्याने आपला म्हणून ३४ मागून घेतला. इतरही काही मित्रांनी आपापल्या क्लबांत तेच केलं. २०१९ मध्ये आयॅक्सने लीग जिंकली, तर ते त्यांचं चौतिसावं विजेतेपद निघालं. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सनचा ४२ सगळ्या संघांनी मिळून १९९७ मध्ये थांबवला, पण आता दरवर्षी १५ एप्रिलला, १९४७ मध्ये तो पहिल्यांदा उतरला त्या तारखेला, सगळेच्या सगळे खेळाडू ४२ घालतात. त्या दिवशी तिथल्या गुणलेखकांचे काय हाल होत असतील, हा विचार माझ्या मनात येतोच. पण वर्षातून एक दिवस मीही सोसेन.

तेव्हा आपल्या त्या ज्येष्ठाचा नंबर किशोर गटातल्या एखाद्या पोराला त्याच्याच हातून द्या. कोणाला द्यायचा हेही त्यालाच ठरवू दे.

राहिला पैशाचा प्रश्न. मला माहीत आहे, मंडप, लाईट, माती, पंचांचं मानधन, यूट्यूबवाल्याचा कॅमेरा, जेवण, हे सगळं आभाळातून पडत नाही. हॉटेलवाले, होडीवाले, आंब्याचे व्यापारी, मुंबईचे आपले चाकरमानी, हे पैसे देतात म्हणून स्पर्धा होतात. त्यांचं नाव छातीवर मोठ्या अक्षरांत टाका, बाह्यांवर टाका, पँटवर टाका, मैदानाच्या चारी बाजूंना लावा, समालोचकाला दर चढाईला घ्यायला सांगा, तसा तो घेतोच. पण कबड्डीच्या नियमात नंबर पुढे किमान ४ इंच आणि मागे किमान ६ इंच सांगितला आहे, आणि गेल्या वर्षी एका संघाच्या पाठीवर मासळी थाळीचा फोटो नंबरापेक्षा मोठा होता. सुरमई स्पष्ट दिसत होती. नंबर नव्हता.

आणि नंबराला पैसा मिळतो तो कसा, तेही बघा. मॅराडोनाने १९८६ च्या त्या सामन्यात घातलेला शर्ट इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने सामन्यानंतर त्याच्याशी अदलाबदल करून घेतला होता. मे २०२२ मध्ये लंडनच्या लिलावात तो ७१ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला. सामन्याच्या आदल्या दिवशी त्याला शर्टाच्या किमतीपलीकडे कोणी काही दिलं नसतं. तुम्ही बोली लावताय ती आदल्या दिवशी.

मालकांपैकी कोणाला स्वतःच्या अंगावर नंबर घालायची हौस असेल तर त्यालाही रस्ता आहे, आणि तो मोठ्या माणसाने दाखवलेला आहे. २४ जून १९९५, जोहान्सबर्ग, रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना. राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला हिरवा शर्ट घालून मैदानात आले आणि पाठीवर ६ होता. तो कर्णधार फ्रान्स्वा पिनारचा नंबर. देशाच्या प्रमुखाने कर्णधाराचा नंबर आपल्या पाठीवर घेतला. कर्णधाराला आपल्या आवडीचा नंबर दिला नाही. आपल्याकडे याच्या उलटं चाललंय.

म्हणून माझं मागणं एवढंच की ते बोलीचं कलम काढा. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडूला एक नंबर द्या आणि तो त्याच्या नावापुढे वहीत कायमचा लिहा. पुढच्या वर्षी संघ बदलला, मालक बदलला तरी नंबर त्याच्याबरोबर जाऊ दे, नव्या संघात तो आधीच कोणाचा असेल तर मात्र नव्याने आलेल्याने दुसरा घ्यावा. मुलींना नवे टी-शर्ट, नव्या नंबरांसकट. एकाच नंबरासाठी दोघे अडून बसले तर चिठ्ठी टाका. हरलेला फारच रुसला तर त्याला इंटर मिलानच्या झामोरानोचं सांगा. ब्राझीलच्या रोनाल्डोला ९ द्यावा लागला म्हणून त्याने १८ घेतला आणि मधे अधिकचं चिन्ह चिकटवून एक अधिक आठ केलं. आपल्याकडे मी ते चिन्ह चालवून घेईन. कागदावर १८ च लिहीन.

हे सगळं कोण करणार, असा प्रश्न बैठकीत येणारच. वही मी ठेवतो. गेल्या काही हंगामांचे गुणपत्रक माझ्याकडे जपलेले आहेत, त्यावरून निम्म्या खेळाडूंचे नंबर आजच लिहून देता येतील. उरलेल्यांची यादी प्रत्येक मंडळाने टी-शर्ट छापायला टाकायच्या आधी पाठवावी, छापून आल्यावर नाही. बैठकीत कलम मताला टाका. ते मंजूरच झालं तर पहिल्या सामन्याला टेबलावर मी नसेन, दुसरा माणूस बघून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तालुक्यातला एक गुणलेखक

ता. क. गडद निळ्या टी-शर्टवर काळा नंबर छापू नका. दोन संघांनी नमुना ग्रुपवर टाकलाय, तो तसाच आहे. पांढरा किंवा पिवळा घ्या.